जुनी तबकडी, नवे यंत्र



लग्नाची, मुंजीची किंवा गणेशोत्सवातल्या नाटकाची जुनी व्हीसीडी नव्याने विकत आणलेल्या यंत्रावर चालेल काय, हा प्रश्न ज्यांच्या घरात अद्याप निघाला नसेल त्यांच्या घरात तो लवकरच निघेल. प्रश्न दिसावयास साधा आहे. दुकानदार ‘चालून जाईल’ असे म्हणून मोकळा होतो, आणि यंत्र घरी आल्यावर तबकडी वाचता येत नसल्याची सूचना पडद्यावर उमटते. दुकानदार आणि यंत्र यांच्यात खरे कोण बोलतो, आणि असे का घडते, याविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

तबकडी हा शब्द आपल्या भाषेत ग्रामोफोनबरोबर रुळला, आणि जुन्या-नव्याचे हे भांडणही तेव्हापासूनचेच आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांची सद्दी चालू असताना १९४८ साली अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची दीर्घकाळ वाजणारी तबकडी बाजारात आणली. जुन्या तबकडीची खाच रुंद, नवीची अरुंद. जाड सुई नव्या खाचेत बसेना, आणि बळे बसवली तर ती खाच खरवडून टाकी; बारीक सुई जुन्या खाचेत टाकली तर ती तळाशी लोळे आणि नुसती खरखर ऐकू येई. तेव्हा यंत्रकारांनी एकाच दांड्याला दोन तोंडांची सुई बसवली आणि वेग बदलावयास एक खटका दिला. जुनी तबकडी नव्या यंत्रावर वाजू लागली ती या दुसऱ्या सुईमुळे. दोन्ही तबकड्यांत त्यासाठी काहीएक फरक झाला नव्हता. व्हिडिओ तबकड्यांची कथा याहून फारशी निराळी नाही. सुईच्या जागी प्रकाशाचा किरण आला, एवढेच.

फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी या कंपन्यांनी १९९३ साली व्हीसीडीचे मानक ठरवले, तेव्हा त्यांनी नवी तबकडी घडवलीच नाही. १९८२ पासून बाजारात असलेली गाण्यांची सीडी त्यांनी उचलली आणि तिच्यावर गाण्याऐवजी, आकुंचित करून लहान केलेले चित्र भरले. जीत ७४ मिनिटांचे संगीत मावत होते तीत ७४ मिनिटांचेच चित्र मावले. त्यामुळे आपल्याकडचा अडीच-तीन तासांचा चित्रपट दोन किंवा तीन तबकड्यांत येई, आणि प्रसंग ऐन रंगात आला असता कोणाला तरी उठून तबकडी बदलावी लागे. चित्रही बेताचेच, आडवे ३५२ आणि उभे २८८ ठिपक्यांचे. नायक धावू लागला की त्याच्या अंगाचे चौकोन पडत. तथापि ती स्वस्त होती, तिचे यंत्र स्वस्त होते, आणि कॅसेटप्रमाणे तिची फीत गुंतण्याचे भय नव्हते. युरोप-अमेरिकेने तिच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. चीनने, आग्नेय आशियाने आणि भारताने मात्र तिला घरात घेतले.

आपल्या हैदराबादेत तर तिला बरीच कामे करावी लागली. कोठी आणि आबिड्सच्या दुकानांतून तेलुगू व हिंदी चित्रपटांच्या तबकड्यांचे ढीग असत. ‘द अंग्रेज’ या दखनी बोलीतल्या विनोदी चित्रपटाने शहराला हसवले ते चित्रगृहांतून आणि घरोघरच्या तबकड्यांतूनही. मराठी माणसाची गोष्ट आणखी वेगळी. येथे मराठी चित्रपट लागणे विरळा आणि मराठी नाटक येणे त्याहून विरळा. पुण्या-मुंबईहून किंवा नांदेड-सोलापूरहून येणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीतून आलेल्या चार तबकड्या हेच अनेक कुटुंबांचे नाट्यगृह होते.

परंतु विकत घेतलेल्या नाटकाच्या तबकड्यांची मला फारशी चिंता वाटत नाही. त्यांच्या हजारो प्रती निघालेल्या असतात; एखादी कोठे तरी सापडेल. चिंता आहे ती घरच्या तबकड्यांची. १९८० आणि १९९० च्या दशकांतील लग्ने व्हीएचएस फितींवर घेतलेली होती. पुढे फिती खराब होऊ लागल्या तेव्हा स्टुडिओवाल्यांकडून त्या व्हीसीडीवर उतरवून घेतल्या गेल्या, आणि फिती बहुधा टाकून देण्यात आल्या. ते त्या वेळी शहाणपणाचेच वाटले असणार. फितीचे यंत्र करणारी अखेरची मोठी जपानी कंपनी, फुनाई, हिनेही २०१६ साली ते काम थांबवले. म्हणजे ज्या घरी फीत टाकली गेली त्या घरी आता ही व्हीसीडीच मूळ प्रत. काचीगुड्याच्या किंवा सुलतान बाजारच्या एखाद्या वाड्यातील कार्याची ती तबकडी लावा. आहेर घेणाऱ्या आजीबाई शेजारणीशी जी मराठी बोलतात ती उर्दूच्या शेजाराने घडलेली, आपल्या हैदराबादची मराठी आहे. ती बोली पुस्तकात उतरवू म्हटल्यास तिचा सूर हरवतो. त्या तबकडीवर मात्र तो सूर जसाच्या तसा आहे, आणि मागे सनई वाजत असली तरी नीट ऐकू येतो.

आता यंत्राच्या आत डोकावून पाहू. तबकडीच्या पोटात सर्पिल रेषेवर अत्यंत सूक्ष्म खळगे असतात. लेझरचा किरण त्यांवर पडून परततो, आणि परतणाऱ्या प्रकाशातील चढउतारांवरून यंत्र मजकूर वाचते. व्हीसीडीत शेजारशेजारच्या दोन फेऱ्यांमध्ये १.६ मायक्रॉन अंतर असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. १९९६ साली जपानात विक्रीस आलेल्या डीव्हीडीत हे अंतर ०.७४ मायक्रॉन झाले, आणि २००६ साली आलेल्या ब्लू-रे तबकडीत ०.३२. रेषा जितकी बारीक तितका किरणही बारीक हवा, आणि किरण बारीक करावयाचा तर प्रकाशाची तरंगलांबी कमी हवी. म्हणून व्हीसीडीस ७८० नॅनोमीटरचा, डोळ्यांस जवळजवळ न दिसणारा अवरक्त किरण पुरतो, डीव्हीडीस ६५० नॅनोमीटरचा तांबडा लागतो आणि ब्लू-रेस ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा. व्हीसीडीच्या यंत्रात डीव्हीडी घातली तर काय होईल हे यावरून सहज समजेल. त्याच्या जाड्याभरड्या किरणाखाली एकाच वेळी दोन-दोन रेषा येतात आणि अर्थबोध काहीच होत नाही. जुन्या यंत्राने नवी तबकडी वाचावी ही अपेक्षा कोणत्याही खटक्याने पुरी होणारी नव्हती.

उलट दिशेने काय? बारीक किरणाने मोठे खळगे वाचता यावेत, असे आपणास वाटेल. तेथे दोन अडचणी आहेत. पहिली प्लॅस्टिकच्या जाडीची. व्हीसीडीत किरणाला १.२ मिलिमीटर जाडीच्या थरातून जाऊन, वरच्या छापील बाजूच्या अगदी खाली असलेल्या मजकुरापर्यंत पोहोचावे लागते. डीव्हीडी ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवून केलेली असते आणि तिचा मजकूर मध्यभागी असतो. ब्लू-रेचा मजकूर खालच्या पृष्ठापासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर. एका जाडीसाठी घासलेले भिंग दुसऱ्या जाडीतून पाहताना अंधूक पाहते. यावर दोन ठिकाणी दृष्टी ठरवणारे भिंग निघाले, आणि आरंभीच्या काही डीव्हीडी यंत्रांनी त्याच्या आधारे एकाच तांबड्या किरणाने कारखान्यात छापलेल्या सीडी वाचून दाखवल्या. तेव्हा दुसरी अडचण पुढे आली. घरी किंवा स्टुडिओत लिहिलेल्या सीडीवर खळगे नसतात. रंगद्रव्याचा एक थर असतो आणि लेझरने तो जागोजागी डागून मजकूर लिहिलेला असतो. हे रंगद्रव्य अवरक्त किरण नीट परतवते, पण तांबडा किरण गिळून टाकते. परिणामी बाजारात घेतलेली चित्रपटाची व्हीसीडी चाले आणि त्याच यंत्रावर घरच्या लग्नाची व्हीसीडी चालत नसे! पुढे डीव्हीडी यंत्रात जुना अवरक्त लेझरही बसवण्याची रीत पडली तेव्हा हा प्रश्न मिटला. ग्रामोफोनची दुसरी सुई ती हीच.

जाता जाता एक गंमत सांगण्याजोगी आहे. १९९५ साली डीव्हीडीचे स्वरूप ठरत होते तेव्हा दोन पक्ष होते. सोनी व फिलिप्स यांची तबकडी सीडीसारखीच १.२ मिलिमीटरच्या एकसंध थराची होती, म्हणजे घराण्यास धरून होती. तोशिबा व तिच्या सोबत्यांची तबकडी दोन पातळ चकत्यांची होती. तडजोड झाली, आणि तबकडीची घडण घेतली गेली ती तोशिबा पक्षाची. २००६ साली तोच खेळ उलटून झाला. तोशिबाची एचडी डीव्हीडी ही डीव्हीडीचीच ०.६ मिलिमीटरची घडण जपत होती, आणि सोनीची ब्लू-रे ती मोडत होती. १९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबाने माघार घेतली. दोन्ही वेळा पूर्वजांशी अधिक साम्य असलेली तबकडी हरली. यावरून मला असे वाटते की तबकडी तबकडीसारखी असण्याला ग्राहक फारसे मोल देत नाही. घरचा जुना संग्रह नव्या यंत्रात चालला म्हणजे त्याला पुरे. ते काम यंत्रातले जादा लेझर करीत होते.

मात्र लेझर असला म्हणजे सारे झाले असेही नाही. ब्लू-रेच्या यंत्रात बहुधा तिन्ही लेझर असतात. तरी त्यांतील कित्येक यंत्रे व्हीसीडी नाकारतात, आणि त्याच क्षणी त्यांच्यात गाण्यांची सीडी घातली तर ती सुरळीत वाजते. तबकडी तीच, किरण तोच, जाडी तीच. नाही ते केवळ व्हीसीडीची रचना ओळखून तिचे चित्र उलगडण्याची आज्ञावली. ती फार मोठी नसते. एखाद्या देशात व्हीसीडी कधी खपलीच नाही, मग तिची सोय कशाला ठेवा, असा हिशेब होतो, आणि तो हिशेब आपल्याकडे येणाऱ्या यंत्रालाही लागू पडतो. वस्तुतः ब्लू-रे यंत्राने डीव्हीडी आणि सीडी वाचावी हीदेखील त्या संघटनेची शिफारस आहे, सक्ती नव्हे. तेव्हा यंत्र घेताना खोक्यावर केवळ ‘सीडी’ लिहिलेले पाहून समाधान मानू नये. ‘व्हीसीडी’ ही तीन अक्षरे वेगळी छापलेली आहेत की नाहीत, ते पाहावे.

ज्यांची मुले अमेरिकेत आहेत किंवा भाऊ आखातात आहेत, आणि हैदराबादेत अशी घरे थोडी नाहीत, त्यांना आणखी एक गाठ सोडवावी लागते. चित्रपटांच्या डीव्हीडीवर प्रदेशाचे कुलूप असते. त्या वाटणीत अमेरिका पहिल्या प्रदेशात, आखात दुसऱ्यात आणि भारत पाचव्यात पडतो. म्हणून तेथून आणलेली चित्रपटाची डीव्हीडी येथील यंत्राने नाकारली तर तबकडी सदोष आहे असे समजू नये. ब्लू-रेच्या वाटणीत अमेरिका ‘ए’, आखात ‘बी’ व आपण ‘सी’. व्हीसीडीला असे कुलूप मुळीच नव्हते आणि घरी केलेल्या डीव्हीडीलाही नसते. पण तेथे पाल आणि एनटीएससी यांचा घोळ आडवा येतो. आपली दूरचित्रवाणी सेकंदाला २५ चित्रांच्या पाल पद्धतीने वाढली, अमेरिकेची सुमारे ३० चित्रांच्या एनटीएससी पद्धतीने. आपल्याकडची यंत्रे बहुधा दोन्ही पद्धती सांभाळून घेत. अमेरिकेतील पुष्कळशी यंत्रे तसे करीत नसत. येथून कौतुकाने पाठवलेली लग्नाची तबकडी तिकडे काळीपांढरी दिसली, वर-खाली घसरत राहिली किंवा दिसलीच नाही, तर त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण होते.

स्टुडिओने करून दिलेल्या डीव्हीडीची एक खोड अशी की लेखन पूर्ण झाल्यावर तिला शेवटची मोहोर लावावी लागते. इंग्रजीत त्या क्रियेस फायनलाइज म्हणतात. ती राहून गेली तर तबकडी लिहिणाऱ्याच्या यंत्रावर उत्तम चालते आणि इतरांच्या यंत्रावर कोरी दिसते. अशी तबकडी कोरी समजून फेकू नये. मजकूर तिच्यावर असतो, आणि संगणकावर योग्य साधनाने बहुधा काढता येतो.

२००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने चित्रपटांची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकावयास काढली होती. चित्र कितीतरी चांगले, सारा चित्रपट एकाच तबकडीत, आणि अंतर अवघे सहा रुपयांचे! तरीही व्हीसीडी खपत राहिली, कारण ती दोन्ही यंत्रांवर चाले आणि डीव्हीडी एकाच. सावध गृहस्थाचा हिशेब चुकीचा नव्हता, पण तो त्या दिवसापुरता होता. ती कंपनी २०१८ साली दिवाळखोरीत निघाली. सॅमसंगने २०१९ मध्ये नवी ब्लू-रे यंत्रे काढणे थांबवले, एलजीने २०२४ मध्ये त्या व्यवसायातून अंग काढले, आणि सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन बंद केले. संगणकांचीही तीच तऱ्हा. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून डीव्हीडी चित्रपट चालवण्याची सोय मूळ प्रणालीत राहिली नाही, आणि नव्या लॅपटॉपात तबकडीचा कप्पाच सहसा नसतो. जुन्या-नव्याचा मेळ घालणारी यंत्रे होती तोवर तो मेळ होता. ती यंत्रेच थोडी होऊ लागली म्हणजे मेळ कोणाचा कोणाशी घालावयाचा?

मोठमोठ्या संस्थाही यात फसल्या आहेत. इंग्लंडात १०८६ साली झालेल्या जमीन-मोजदादीच्या डूम्सडे बुकास ९०० वर्षे झाली म्हणून बीबीसीने १९८६ साली सबंध देशाची माहिती, छायाचित्रे आणि नकाशे १२ इंची लेझर-डिस्कवर साठवले. पंधरा-सोळा वर्षांत ती तबकडी वाचणारी चालू यंत्रे दुर्मीळ झाली, आणि २००२ साली लीड्स व मिशिगन विद्यापीठांच्या संशोधकांना त्या जुन्या यंत्रणेची नक्कल संगणकावर उभी करून माहिती वर काढावी लागली. चामड्यावर लिहिलेला १०८६ चा मूळ ग्रंथ मात्र अजूनही उघडून वाचता येतो. बीबीसीच्या पाठीशी विद्यापीठे होती. आपल्या कपाटातील तबकडीच्या पाठीशी आपणच आहोत.

तेव्हा करावयाचे काय, ते सांगतो. संगणकाला तारेने जोडावयाचा डीव्हीडी ड्राइव्ह अद्याप मिळतो आणि फार महाग नसतो. त्यात दोन्ही लेझर असतात. म्हणजे व्हीसीडी आणि डीव्हीडी दोन्ही वाचल्या जातात. व्हीसीडी उघडली की ‘एमपीईजीएव्ही’ नावाचा कप्पा दिसतो आणि त्यात शेवटी ‘डॅट’ असलेली धारिका असते. तीच आपले चित्र. ती उतरवून घ्यावी. व्हीएलसीसारखा फुकट मिळणारा कार्यक्रम ती जशीच्या तशी दाखवतो. येथे एक अडचण संभवते. साध्या माहितीच्या सीडीत प्रत्येक खंडात २०४८ बाइट मजकूर ठेवून उरलेली जागा चुका दुरुस्त करण्यासाठी राखलेली असते. व्हीसीडीत जागा वाचवण्यासाठी ही दुरुस्तीची तरतूद कमी करून २३२४ बाइट भरलेले असतात. म्हणून जो ओरखडा पाहताना क्षणभर चित्र थरथरवून निघून जातो, तोच उतरवताना सारे काम अडवतो. अशा वेळी ड्राइव्हचा वेग कमी करावा, पुन्हापुन्हा वाचून पाहणारा कार्यक्रम वापरावा, आणि तरीही न जमल्यास दुसऱ्या एखाद्या ड्राइव्हवर प्रयत्न करावा. एकाने नाकारलेली तबकडी दुसरा पुष्कळदा वाचतो.

व्हीसीडीचा मजकूर वरच्या छापील बाजूच्या लगत असतो, हे मघाशी सांगितले. त्यामुळे खालच्या ओरखड्यापेक्षा वरचा ओरखडा घातक. त्या बाजूस बॉलपेनने दाबून लिहू नये, आणि वर चिकटवलेला कागद ओढून काढण्याचा मोह तर मुळीच धरू नये. कागदाबरोबर आतला चकचकीत थरच निघून येतो, आणि मग कोणत्याही यंत्राचा इलाज चालत नाही. उन्हाने रंगद्रव्य फिके पडते. खिडकीजवळच्या फडताळात ठेवलेल्या तबकड्या म्हणून आधी घ्याव्यात, आणि त्यांतही स्टुडिओत लिहिलेल्या, घरच्या कार्याच्या. छापील चित्रपटांना घाई नाही.

काही दुकानदार व्हीसीडीचे चित्र ‘मोठे’ करून देऊ म्हणतात. ३५२ ठिपक्यांचे ७२० केले म्हणून मामांचा चेहरा अधिक स्पष्ट होत नाही. नव्याने आकुंचन होते तेव्हा होते ते नुकसानच. व्हीसीडीवरून डीव्हीडी करताना चित्र तसेच ठेवता येते, कारण डीव्हीडीच्या मानकात त्या आकारास जागा आहे. आवाज तेवढा सेकंदाला ४४,१०० नमुन्यांवरून ४८,००० नमुन्यांवर आणावा लागतो. अशी नवी प्रत पाहण्यासाठी खुशाल करून घ्यावी. मूळ धारिका मात्र दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावी, आणि धारिकेला नाव देताना नुसते ‘लग्न’ असे न लिहिता कोणाचे, कोठले आणि कोणत्या साली, ते त्या आजीबाईंना विचारून लिहावे.